बिंबलला स्वस्थ बसायला शिकवताना

बिंबल गोव्यातल्या आमच्या घरी आली तेव्हा 8 आठवड्यांची होती. पिवळसर लॅब्राडोर. पुढे दृष्टिहीन माणसाची वाटाडी व्हावी म्हणून एका संस्थेने ती वर्षभरासाठी आमच्याकडे सोपवली. असं पिल्लू सांभाळायचं तुमच्या मनात असेल तर आधी हे सांगते, रस्ता दाखवायला आपण शिकवत नाही. ते पुढे प्रशिक्षक करतात. आपण शिकवायचं ते गोंगाटात स्वस्थ राहणं.

हे लवकर सुरू करावं लागतं. साधारण 3 ते 14 आठवड्यांच्या वयात जे ओळखीचं होतं, त्याला कुत्रा सहसा पुढे घाबरत नाही. पण लसींचा क्रम 16व्या आठवड्यापर्यंत चालतो आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून बाहेर नेताना मी तिला जमिनीवर टेकवलंच नाही, कडेवर घेऊन फिरवलं. पहाटेचा पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू, देवळातली घंटा, रायबंदरला फेरीबोटीचा लोखंडी फळका धक्क्यावर आदळतो तो आवाज. प्रत्येक आवाजानंतर तिच्या जेवणातलाच एक दाणा तोंडात. फळक्यापाशी ती पहिल्या दिवशी थरथरली. तिला पुढे रेटलं नाही, वीसेक पावलं मागे येऊन उभी राहिले. रोज थोडं पुढे सरकत सहाव्या दिवशी ती दाणा खात शांतपणे फळक्याकडे बघत होती. त्या दिवशी मला रडू आलं.

जूनमध्ये वेगळीच परीक्षा. पावसात ती शू करायला अंगणात उतरेना. इथे हार मानू नका. ठरलेल्या जागी, ठरलेल्या शब्दावर शी-शू करायची सवय फार मोलाची आहे, कारण ज्याला दिसत नाही त्याला ती जागा साफ करायची असते. मी छत्री धरून एकच शब्द म्हणत उभी राहायचे. झालं की लगेच शाबासकी.

लसी पूर्ण झाल्यावर म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. सुकी मासळी, चोरीसांच्या (गोव्याच्या मसालेदार सॉसेजच्या) माळा, पायांची गर्दी. खाली पडलेलं उचलायचं नाही, हा धडा तिने लवकर घेतला, माणसांना मात्र वेळ लागला. शेजारच्या काकी म्हणायच्या, “एक कुडको दिल्यार कितें जातलें गो?” (एक तुकडा दिला तर काय होणार गं?) मी दर वेळी हात जोडून सांगायचे, काकी, उद्या हिच्या भरवशावर कुणीतरी रस्ता ओलांडणार आहे, भजीच्या वासाने हिचं लक्ष जाऊन चालणार नाही. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) फटाक्यांच्या दिवसांत त्याच काकींनी आपल्या नातवंडांना आमच्या कुंपणापासून लांब नेलं.

अंगावर उडी मारली की पाहुण्यांनी पाठ फिरवायची, चारही पाय जमिनीवर टेकले की मगच हात लावायचा. रोज पंजे, कान, दात हाताळायचे. पावसाळ्यात गोचिड शोधायचे. लॅब्राडोरला खुब्याच्या सांध्याचा त्रास होऊ शकतो, म्हणून गाडीतून उडी मारू द्यायची नाही, गुळगुळीत फरशीवर धावू द्यायचं नाही.

पिल्लू घेण्यापूर्वी संस्थेकडून दोन गोष्टी लेखी घ्या: खाणं आणि डॉक्टरचा खर्च कोण करणार, आणि पिल्लू निवडलं गेलं नाही तर ते कुठे राहणार. काही पिल्लं तब्येतीमुळे, काही स्वभावामुळे मागे राहतात. तो तुमचा दोष नसतो.

बिंबल मे महिन्यात गेली. परवा प्रशिक्षकांचा फोन आला, एक्स-रे झाला, खुबे ठीक आहेत. सोमवारपासून तिच्या अंगावर वाटाडीचा पट्टा चढणार आहे.