मूत्राशयातलं बोटॉक्स: जाण्याआधी कॅथेटर शिकून घ्या

कुलपात किल्ली फिरवेपर्यंतही धीर नसायचा. दारातच लघवी सुटायची. ओटीपोटाचे व्यायाम झाले, घड्याळ लावून जायची सवय केली, गोळ्या झाल्या. गोळ्यांनी तोंडाला कोरड पडायची, फरक मात्र जेमतेम. मग मूत्राशयात बोटॉक्सचं इंजेक्शन घेतलं. आजवर तीनदा.

आधी एक पक्कं करा: तुमची लघवी घाईने सुटते, की खोकला-शिंक आल्यावर? हे इंजेक्शन घाईवरचं आहे. लघवीच्या पिशवीचा, म्हणजे मूत्राशयाचा, स्नायू नको तेव्हा आवळतो, त्याला मिळणारा संदेश ते अडवतं. खोकताना गळणाऱ्या लघवीला त्याचा उपयोग नाही. तीन दिवस वही ठेवा: किती वाजता गेलात, मापात किती मिली भरली, कुठे सुटली. माझ्या वहीतल्या ८० आणि ९० मिलीच्या, म्हणजे अगदी थोड्या लघवीच्या, नोंदी पाहूनच डॉक्टरांनी पुढचं ठरवलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्नायू जास्त सैल पडला तर लघवी तुंबते, आणि काही आठवडे स्वतः नळी (कॅथेटर) घालून ती काढावी लागते. सगळ्यांना लागत नाही. पण होकार देण्याआधीच शिका. नर्सने मला पाय टेकवून बसवलं, समोर आरसा धरला, हात साबणाने धुवायला लावले. पहिल्यांदा जागा चुकली, तर तिने नवी नळी दिली. तीच पुन्हा वापरू दिली नाही. चौथ्या खेपेला जमलं आणि भीती निम्मी झाली. हे करणं शक्यच नसेल तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

लघवीत जंतुसंसर्ग असेल तर तारीख पुढे ढकलतात. रक्त पातळ करणारी गोळी, गरोदरपण, मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार, दुसरीकडे घेतलेलं बोटॉक्स, काहीही लपवू नका. गोळी मनाने बंदही करू नका.

प्रत्यक्ष काम थोडक्यात आटोपतं. बधिर करणारं औषध पिशवीत सोडून थोडा वेळ थांबवतात, मग दुर्बिणीतून साधारण २० जागी टोचतात. अतिक्रियाशील मूत्राशयासाठी, म्हणजे या घाईच्या त्रासासाठी, एकूण १०० युनिट. मणक्याच्या दुखापतीसारखं नसांचं कारण असेल तर बहुधा २००. मला प्रत्येक टोचणी आत चिमटा काढल्यासारखी जाणवली. दीर्घ श्वास सोडत राहा. एक-दोन दिवस लघवी गुलाबी दिसेल, जळजळेल.

गुण त्याच दिवशी येत नाही. मला नवव्या दिवशी फरक कळला. दोन आठवड्यांनी सोनोग्राफीत पिशवीत किती लघवी उरते ते बघतात. बरं वाटतंय म्हणून ही तपासणी टाळू नका. ताप आला, लघवी होईनाशी झाली, तर त्याच दिवशी दाखवा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर तडक इमर्जन्सी गाठा.

असर साधारण सहा महिने, कुणाला जास्त. दोन वेळांत किमान १२ आठवडे जावे लागतात. वहीत रात्री दोनच्या नोंदी परत दिसू लागल्या की मी फोन करते.