प्रोसिजर संपली, आता मोजायला लागा

कॅथलॅबच्या (रक्तवाहिनीत नळी घालून उपचार करतात ती खोली) रिकव्हरीत नवीन लागलेल्या नर्स पोरी पहिले आठ दिवस मॉनिटरकडे टक लावून बसतात. हृदयाच्या अँजिओप्लास्टीला ते चालून जातं. पण किडनीच्या रक्तवाहिनीत स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकलेला पेशंट आला की मी त्यांची खुर्ची फिरवते. डोळे युरोबॅगवर, म्हणजे लघवीच्या पिशवीवर ठेवायचे आणि अधूनमधून पायांची बोटं बघायची.

मी सोलापुरातच जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स केला. इथल्या एका खाजगी हॉस्पिटलात लागून अकरा वर्षं झाली. रिनल म्हणजे किडनीच्या स्टेंटिंगची केस आमच्याकडे क्वचितच येते. २००९ चा अ‍ॅस्ट्रल आणि २०१४ चा कोरल या दोन मोठ्या अभ्यासांत दिसलं की नुसत्या औषधांच्या तुलनेत स्टेंटने सरसकट फायदा होत नाही. त्यामुळे आता निवडक पेशंटच टेबलावर येतात. कुणाचं बीपी चार-पाच गोळ्यांनाही दाद देत नाही, कुणाच्या फुप्फुसात अचानक पाणी भरतं, कुणाची एकच किडनी चालू असते आणि तिचीच वाहिनी अरुंद झालेली असते. म्हणजे येतो तो आधीच नाजूक किडनी घेऊन येतो. एखादी तरुण मुलगी ताकायासूच्या आजाराची (मोठ्या रक्तवाहिन्यांना सूज येते तो) असते, तिचं गणित वेगळं.

खरं काम टेबलाच्या आधी सुरू होतं. मे महिन्यात इथे पारा ४२-४३ वर जातो, आणि माणूस अक्कलकोटहून एसटीने उपाशीपोटी आलेला असतो. "उपाशी या" म्हटल्यावर तो पाणीसुद्धा तोडतो. अशा कोरड्या शरीरात डाय (वाहिनी एक्स-रेवर दिसावी म्हणून टोचतात ते औषध) गेला की किडनीला दणका बसतो. म्हणून अ‍ॅडमिशनलाच विचारा, शेवटचं पाणी कधी प्यायलात? आणि "गोळ्या कुठल्या चालू आहेत?" एवढं विचारून थांबू नका. लूमवरचा (यंत्रमागावरचा) माणूस बीपीच्या गोळ्या सांगतो आणि गप्प बसतो. "अंग दुखलं की काय घेता?" असं विचारलं की खिशातून अंगदुखीच्या गोळीची पट्टी निघते. ती, आणि शुगरच्या पेशंटची मेटफॉर्मिन, या दोन्ही गोष्टी डॉक्टरांच्या कानावर घातल्याशिवाय पेशंट आत सोडायचा नाही. सलाईन बहुधा किलोमागे तासाला १ मिली लावतात, हृदय कमजोर असेल तर कमी. पूर्वी त्याच्या जोडीला अ‍ॅसिटिलसिस्टीन आणि सोडा बायकार्ब देण्याची मोठी धावपळ असायची. २०१८ च्या प्रिझर्व्ह अभ्यासात साध्या सलाईनपेक्षा त्यांचा जास्त उपयोग दिसला नाही आणि ती धावपळ संपली.

नंतरचं मात्र घड्याळाच्या हिशोबाने लक्षात ठेवा. कुठला त्रास हे बरंचसं "कधी झाला" यावरून कळतं.

पहिल्या काही तासांत भीती रक्तस्रावाची. मांडीच्या पंक्चरवर (नळी आत घातली त्या जागी) गाठ आली तर ती दिसते तरी. किडनीभोवती किंवा पोटामागे साचलेलं रक्त दिसत नाही. पेशंट म्हणतो, कंबर दुखतेय. सारखं उताणं पडून दुखत असेल म्हणून उशी सरकवून निघून जाऊ नका. बीपी घ्या. नाडी वाढली नाही म्हणून निश्चिंतही होऊ नका, नाडी संथ ठेवणारी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर ती फारशी वाढत नाही. स्टेंट टाकलेल्या वाहिनीचा थर फाटला किंवा ती बंद पडली तरी कूस अशीच दुखते. आपल्याकडे निम्मे म्हातारे दुखणं तेलुगूत नाहीतर कन्नडमध्ये सांगतात. 'नोप्पी' आणि 'नोवु' एवढे दोन शब्द तरी पाठ असू द्या.

दुसरं घड्याळ दिवसांचं. आधी सकाळच्या गोळ्या. वाहिनी उघडल्यावर काहींचं बीपी उतरतं आणि आपण जुन्या चार्टप्रमाणे पाचही गोळ्या हातावर ठेवतो. बीपी फार पडलं तर पुन्हा किडनीचंच रक्त कमी होतं. आधी बीपी घ्यायचं, डॉक्टरांना विचारायचं, मग गोळी.

लघवी साठ किलोच्या माणसाला तासाला निदान तीस मिली हवी. पण बॅग भरतेय म्हणून किडनी ठीक आहे असं नाही. डायमुळे झालेल्या इजेत लघवी छान होत असते आणि क्रिएटिनिन (किडनी कमी पडली की रक्तात वाढतं ते) ४८ तासांत ०.३ ने वर गेलेलं असतं. ते साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि बहुतेकांचं आठवडा-दोन आठवड्यांत उतरतं. म्हणून पेशंट दुसऱ्या दिवशी घरी गेला तरी रक्त तपासायला कधी यायचं ती तारीख कार्डावर लिहून द्या. "दाखवून जा" म्हटलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

तिसरं घड्याळ आठवड्यांचं, आणि तिथेच मी चुकले.

लूमवर जन्म घालवलेले एक अण्णा होते. स्टेंट नीट बसला, क्रिएटिनिन १.६ वर घरी गेले. तिसऱ्या आठवड्यात ड्रेसिंग रूमपाशी भेटले आणि म्हणाले, करंगळी ठणकतेय. मी पायाच्या नाड्या तपासल्या, दोन्हीकडे टणाटण. चप्पल चावली असेल, असं मीच म्हणाले आणि मलम लावून दिलं. पाच दिवसांनी आले तेव्हा जेवण जात नव्हतं आणि क्रिएटिनिन होतं ३.८. फिजिशियननी पाय धुवायला लावले, टॉर्च मारला. तळव्यावर जांभळट जाळी उमटली होती. सावळ्या कातडीवर, त्यात धुळीने माखलेल्या पायावर, ती वरून दिसत नाही. तळवाच बघावा लागतो. महाधमनीच्या भिंतीवरचा चरबीचा थर कॅथेटरने, म्हणजे आत सरकवलेल्या नळीने खरवडला जातो, त्यातले कोलेस्टेरॉलचे स्फटिक सुटतात आणि किडनीच्या, बोटांच्या अगदी बारीक वाहिन्यांत अडकतात. मोठ्या वाहिन्या मोकळ्याच असतात, म्हणून नाडी लागते. ज्या नाडीने मला धीर दिला तिचा इथे काही उपयोगच नव्हता. रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले निघाले, तेही या आजाराकडेच बोट दाखवतं. यावर नेमकं औषध नाही. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी, बीपी सांभाळणं, पुन्हा कॅथेटर टाळणं आणि लागलंच तर डायलिसिस.

अण्णांना सहा वेळा डायलिसिस लागलं, मग थांबलं. क्रिएटिनिन २.५ च्या आसपास आहे. करंगळीचं टोक काळं पडून वाळलं.

आता डिस्चार्जच्या कार्डावर मी मागच्या बाजूला मराठीत आणि तेलुगूत लिहून देते: महिनाभर रोज तळवे बघा, निळं दिसलं तर या. तेलुगू अण्णांच्या सुनेने लिहून दिलंय. ते स्वतः अजून तपासणीला येतात आणि येताना शेंगाचटणीची पुडी आणतात. मीठ बंद आहे ना तुमचं, असं मी ओरडले की म्हणतात, म्हणून तर तुला देतोय.