मीटर साडेबारा व्होल्ट दाखवतो, तरी दिवा का लागत नाही?

शिडाच्या बोटीचं वायरिंग शिकायला घेतलंत की सगळ्यात आधी फसवतो तो मल्टिमीटर. मागचा दिवा बंद आहे. बल्ब काढून होल्डरवर मीटर टेकवला, तर १२.५ व्होल्ट. म्हणजे वायर ठीक, बल्बच गेलेला! नवा लावला, तरी काळोख.

मीटर करंट जवळपास ओढतच नाही. गंजलेल्या वायरीतला एक तंतू शाबूत असला तरी त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. २५ वॉटच्या बल्बला मात्र दोन अँपिअर लागतात आणि ते त्या तंतूतून जायला लागले की व्होल्टेज तिथेच खर्ची पडतं. म्हणून मोजायचं ते बल्ब लावून, स्विच चालू ठेवून. मीटरचं काळं टोक लांब वायरीने बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा, लाल टोक दिव्याच्या निगेटिव्हला. आकडा शून्याच्या आसपास हवा. तीन आला तर परतीच्या वायरीत खराब जॉइंट, पूर्ण बारा आला तर ती तुटलेलीच. मग एकेक जॉइंट तपासत बॅटरीकडे सरका. आकडा जिथे एकदम पडतो, तिथे चोर सापडला. पॉझिटिव्हचंही असंच, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून. नवशिके फ्यूज आणि स्विच चाचपत बसतात, निगेटिव्हकडे बघतही नाहीत.

जॉइंट कापल्यावर तांबं काळं दिसलं, तर चकचकीत लागेपर्यंत मागे कापत जा. खारं पाणी तंतूंमधून आत चढतं; काळ्या तांब्यावर नवा लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) लावणं म्हणजे काम पुढच्या मोसमावर ढकलणं. वायर कल्हई केलेल्या बारीक तंतूंची घ्या. घरातली एकसंध तार हादऱ्यांनी तुटते. रॅचेटवाला क्रिंपर (लग दाबायची पक्कड), आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी), आणि शेवटी लग जोरात ओढून पाहा. हातात आला तर बरंच झालं, समुद्रावर आला असता. ‘नुसतं सोल्डर मार’ म्हणणारे जाणकार भेटतील. ऐकू नका. सोल्डर संपतं तिथे वायर ताठ होते आणि तिथेच मोडते.

डोलकाठीच्या दिव्यासाठी लांबी जाऊन-येऊन धरा. १७ मीटर अंतर म्हणजे ३४ मीटर तांबं. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीत त्याच २५ वॉटला सुमारे ०.८ व्होल्ट जातात, चारच्या वायरीत ०.३. दिशादर्शक दिवे आणि बिल्ज पंप (बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा) यांना घट तीन टक्क्यांच्या आत हवी. एलईडी लावलात तर करंट इतका कमी की ही चिंता बरीचशी मिटते.

फ्यूज असतो वायर वाचवायला. वारंवार उडतो म्हणून मोठा घालणं म्हणजे आगीला आमंत्रण.

बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, तेव्हा बिनधास्त हात घाला. फक्त अंगठी काढून ठेवा आणि पाना बॅटरीवर आडवा पडू देऊ नका. धक्क्यावरून येणाऱ्या घरगुती व्होल्टेजच्या लाइनला मात्र इतक्यात हात नको. बिल्ज पंपाचा जॉइंट पाणी पोचणार नाही इतक्या उंचीवर बांधा, आणि वायरीला जॉइंटच्या आधी खाली एक झोळ द्या, म्हणजे ओघळ तिथूनच गळून जाईल.