इंटरनेट नेमकं कुठे अडतंय? एमटीआरने वाट कशी तपासावी

गेल्या पावसाळ्यात बहिणीचा साताऱ्याहून फोन आला. "दादा, मीटिंगमध्ये माझा आवाज तुटतो म्हणतात सगळे. स्पीड टेस्ट केली तर शंभर एमबीपीएस येतंय. मग अडतंय कुठे?"

प्रश्न अगदी बरोबर होता. स्पीड टेस्ट बहुतेक वेळा जवळच्याच सर्व्हरशी बोलते आणि एका दमात किती माल येतो ते सांगते. तिच्या ऑफिसचा सर्व्हर होता सिंगापूरला. साताऱ्यापासून तिथपर्यंत दहा-बारा राउटर, म्हणजे माल पुढे ढकलणारी यंत्रं, लागतात आणि त्यांतल्या कुठल्याही दोघांमध्ये गळती असू शकते, म्हणजे माल वाटेतच हरवू शकतो. ती शोधायला मी गेली कित्येक वर्षं एकच साधन वापरतो, एमटीआर. ते मोफत आहे, त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे आणि घरच्या माणसालाही अर्ध्या तासात जमतं.

आधी ते काय करतं ते बघू, म्हणजे पुढचे आकडे वाचता येतील. इंटरनेटवरच्या प्रत्येक पॅकेटवर, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यावर, एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर तो एकने कमी करतो. आकडा शून्यावर आला की राउटर पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसा निरोप धाडतो. एमटीआर आधी 1 आकड्याचं पॅकेट सोडतं, मग 2 चं, मग 3 चं. निरोप कोणाकडून आला यावरून वाटेतला एकेक थांबा कळतो. हीच युक्ती ट्रेसरूट हा जुना प्रोग्रॅम वापरतो, पण तो वाट एकदा दाखवून थांबतो. 1983 साली माइक मूस यांनी लिहिलेला पिंग हा प्रोग्रॅम सतत विचारत राहतो, पण फक्त शेवटच्या ठिकाणाला. एमटीआर सगळ्याच थांब्यांना पुन्हा पुन्हा विचारतं. गळती अधूनमधून होत असेल तर ती अशानेच पकडता येते.

बसवणं

उबंटू किंवा डेबियन या लिनक्सवर एमटीआर-टायनी नावाचं पॅकेज बसवा. त्यात खिडक्यांचा पसारा नाही, सगळं टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या पडद्यावर, दिसतं. फेडोरावर पॅकेजचं नाव नुसतं एमटीआर. मॅकवर होमब्रू या प्रोग्रॅम बसवण्याच्या साधनातून मिळतं, मात्र चालवताना कमांडच्या आधी सुडो (विशेष अधिकार देणारा शब्द) लावावं लागतं. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) उबंटू घेऊन तिथे चालवावं. तसं केलं तर पहिली ओळ विंडोजच्याच आतल्या आभासी दाराची असते, तुमच्या राउटरची नव्हे, हे ध्यानात असू द्या. विनएमटीआर नावाचा प्रोग्रॅम त्याच कल्पनेवर बेतलेला आहे, पण त्याचा कोड वेगळा आहे.

चालवणं

कमांड छोट्या इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. एमटीआर, जागा सोडून ज्या सर्व्हरशी त्रास आहे त्याचा पत्ता, आणि एंटर. पत्ता त्रासाच्याच ठिकाणाचा हवा. दुसऱ्याच कुठल्या तरी प्रसिद्ध साइटची वाट तपासून उपयोग नाही, कारण ती वाटच वेगळी असते. पडद्यावर आकडे हलू लागतात. एन दाबलं की नावांऐवजी नुसते आयपी, म्हणजे आकड्यांतले पत्ते दिसतात, आर दाबलं की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, क्यू दाबलं की बंद.

दुसऱ्याला दाखवायचा अहवाल हवा असेल तर एमटीआरनंतर जागा सोडून उणे चिन्ह, त्याला चिकटून आर, डब्ल्यू, झेड, बी, सी ही अक्षरं, मग जागा, 100, जागा आणि पत्ता. आर म्हणजे अहवाल, डब्ल्यूने लांब नावं कापली जात नाहीत, झेडने तो थांबा कोणाच्या नेटवर्कमधला आहे त्याचा क्रमांक दिसतो, बीने नाव आणि आयपी दोन्ही, सी 100 म्हणजे शंभर फेऱ्या. दर सेकंदाला एक फेरी होते, म्हणून पावणेदोन-दोन मिनिटं थांबावं लागतं. दहा फेऱ्यांवर कोणालाही दोष देऊ नका. दहांतलं एक पॅकेट हरवलं तरी दहा टक्के दिसतं.

अहवाल दोनदा घ्या: एकदा त्रास होत असताना, एकदा सगळं सुरळीत असताना.

वाचणं

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून सांगतो. अहवाल खालून वर वाचायचा. सगळ्यात खालची ओळ म्हणजे तुम्हाला जिथे पोचायचंय ते ठिकाण. तिथे लॉसच्या, म्हणजे हरवलेल्या पॅकेटांच्या, रकान्यात शून्य असेल तर मधल्या ओळीत कितीही टक्के दिसोत, तुमची पॅकेटं पोचताहेत.

मला लोक अहवाल पाठवतात तेव्हा पाचव्या ओळीतल्या चाळीस टक्क्यांभोवती लाल गोल केलेला असतो आणि त्याखालच्या सगळ्या ओळींत शून्य असतं. त्या राउटरचं खरं काम पॅकेटं पुढे ढकलणं. "इथे संपलं" हा निरोप पाठवणं हे त्याच्यासाठी दुय्यम काम, आणि अशा निरोपांवर तो मर्यादा घालतो. प्रश्नचिन्हांची ओळ म्हणजे तो राउटर असा निरोप मुळीच देत नाही. हाही बिघाड नव्हे.

खरी गळती एका ओळीपासून सुरू होते आणि शेवटपर्यंत टिकते. बहिणीच्या पहिल्या अहवालात पहिलीच ओळ, म्हणजे घरचा राउटर 192.168.1.1, सहा टक्के गळती दाखवत होता. वर्स्टच्या, म्हणजे सगळ्यात जास्त लागलेल्या वेळेच्या, रकान्यात 480 मिलिसेकंद. घरातल्या घरात एवढा वेळ! राउटर लोखंडी कपाटामागे ठेवलेला निघाला. लॅपटॉपला थेट केबल जोडायला सांगितली आणि पुन्हा शंभर फेऱ्या घेतल्या. आता पहिली ओळ स्वच्छ, पण दुसरीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तीन-चार टक्के तसेच. म्हणजे घर आणि इंटरनेट कंपनीचं पहिलं उपकरण यांच्यामधला दुवा. सकाळचा आणि रात्रीचा असे दोन अहवाल तक्रारीला जोडले. आधी दोनदा "राउटर बंद करून चालू करा" एवढंच उत्तर मिळालं होतं. या वेळी लाइनमन आला आणि कोपऱ्यावरच्या खांबावरच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलेलं सापडलं.

वेळेचे रकानेही याच नियमाने वाचायचे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत 3,900 किलोमीटरच्या आसपास आहे. जाऊन-येऊन 39 मिलिसेकंद तर निसर्गच घेतो, आणि समुद्राखालची केबल सरळ रेषेत जात नाही. मुंबईत यातल्या बऱ्याच केबली वर्सोव्याला किनाऱ्यावर येतात. तिथून पुढच्या ओळीत आकडा एकदम पन्नास-साठने वाढला आणि तसाच राहिला तर ते अंतर आहे, बिघाड नाही. आवाज तुटतो तेव्हा सरासरीपेक्षा एसटीडेव्हकडे बघा, म्हणजे वेळ किती वर-खाली होतेय ते.

एक मर्यादा लक्षात ठेवा. उत्तर परत येतं ती वाट वेगळी असू शकते आणि ती या अहवालात दिसत नाही. पलीकडे ओळखीचं कोणी असेल तर त्याच्याकडून तुमच्या दिशेने उलटा अहवाल घ्या.

शेवटची ओळच प्रश्नचिन्हांची येत असेल तर फायरवॉल, म्हणजे नको ती पॅकेटं अडवणारा पहारेकरी, नेहमीची तपासणी अडवत असेल. मग उणे मोठा टी आणि उणे मोठा पी 443 जोडा. आता पॅकेटं वेबसाइट ज्या दारातून बोलते त्याच दाराने जातात. आयपीव्ही4 आणि आयपीव्ही6 (पत्त्यांची जुनी आणि नवी पद्धत) यांच्या वाटा वेगळ्या असू शकतात, म्हणून उणे 4 आणि उणे 6 लावून दोन्ही तपासा.

अहवाल कोणाला पाठवण्याआधी वरची, 'होस्ट'ने सुरू होणारी ओळ बघा. तिथे तुमच्या कॉम्प्युटरचं नाव छापलेलं असतं. बऱ्याच जणांनी तिथे स्वतःचं पूर्ण नाव दिलेलं असतं. ते झाका.

या कामात हात लावायचा असेल तर

मॅट किंबॉल यांनी 1997 मध्ये एमटीआर लिहिलं तेव्हा नाव होतं मॅट्स ट्रेसरूट. ऑक्टोबर 1998 पासून देखभाल रॉजर वुल्फ यांनी घेतली आणि एम म्हणजे 'माय' झालं. पुढे किंबॉल परत आले आणि कोडची मोठी फोड झाली. तपासणीची अशी कच्ची पॅकेटं सोडायला रूटचे, म्हणजे सिस्टीमवरचे सगळ्यात मोठे, अधिकार लागतात, आणि पूर्वी ते अख्ख्या प्रोग्रॅमला द्यावे लागत. आता पॅकेटं सोडण्याचं काम एमटीआर-पॅकेट नावाचा छोटा वेगळा प्रोग्रॅम करतो आणि विशेष अधिकार फक्त त्यालाच द्यावे लागतात. दोघं एकमेकांशी साध्या मजकुराच्या ओळींत बोलतात: क्रमांक, "तपासणी पाठव", पत्ता. उत्तरही तसंच, त्याच क्रमांकाने. त्यामुळे पायथन या भाषेत चाचण्या लिहिता येतात, आणि त्या कोडसोबतच मिळतात. मला ही फोड फार आवडते. विशेष अधिकारांचा कोड जितका कमी, तितका तो नीट वाचून तपासता येतो.

ताजा कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवरून घ्या. कंपायलर, ऑटोकॉन्फ, ऑटोमेक आणि एनकर्सेसच्या डेव्हलपमेंट फायली बसवा. मग क्रमाने बूटस्ट्रॅप, कॉन्फिगर, मेक. एक फसगत हमखास होते: नवं एमटीआर जागच्या जागी चालवलं तर ते आधी सिस्टीममध्ये बसवलेलं जुनंच एमटीआर-पॅकेट उचलतं. एमटीआर_पॅकेट या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, त्याचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून, नव्या प्रोग्रॅमचा पूर्ण पाथ द्या. नाहीतर तुम्ही केलेला बदल चाचणीत येणारच नाही.

कोड लिहिता येत नसला तरी बिघाड नीट कळवता येतो. आधी गिटहबवर जुन्या नोंदी शोधा, तीच अडचण कोणी मांडली असेल तर तिथेच भर घाला. नव्या नोंदीत आवृत्ती लिहा, ती उणे व्ही लावून कळते. कोणती ऑपरेटिंग सिस्टीम, टाइप केलेली कमांड जशीच्या तशी, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं, हे लिहा. पडद्याचा फोटो नको, मजकूर चिकटवा. जमलं तर उणे जे लावून जेसन, म्हणजे प्रोग्रॅमला वाचता येईल अशा मांडणीतला अहवालही जोडा. ताज्या कोडवर अडचण तशीच राहते का तेही तपासून लिहा, कारण डिस्ट्रोमधली (उबंटू, फेडोरासारख्या लिनक्समधली) आवृत्ती बऱ्याचदा मागची असते. आणि नोंद केल्यावर ती विसरू नका. दोन आठवड्यांनी कोणीतरी विचारील, "हा पॅच (कोडमधली दुरुस्ती) लावून बघता का?" त्या दिवशी पुन्हा शंभर फेऱ्या घेऊन उत्तर द्या.