यीस्टमध्ये अफ्लाटॉक्सिन टाकण्याआधी

यीस्टच्या कल्चरमध्ये (माध्यमात वाढवलेल्या पेशींत) अफ्लाटॉक्सिन बी१ टाकलं आणि पेशी मजेत वाढत राहिल्या, तर त्यांना लगेच 'रेझिस्टंट' म्हणू नका. बुरशी लागलेल्या मक्यात, शेंगदाण्यात सापडणारं हे विष मूळ रूपात डीएनएला हातही लावत नाही. आपल्या यकृतातली सीवायपी१ए२, सीवायपी३ए४ ही एन्झाइम त्याचं इपॉक्साइड हे क्रियाशील रूप करतात आणि ते डीएनएतल्या ग्वानिन या बेसला चिकटतं. करपलेल्या मांसातल्या 'आयक्यू' नावाच्या रसायनासारख्या अमाइनांचंही तसंच, फक्त तिथे पुढे एनएटी२ या एन्झाइमची आणखी एक पायरी लागते. बेकरीच्या यीस्टकडे यातलं काहीच नाही. म्हणून मानवी सीवायपी१ए२ आणि त्याला इलेक्ट्रॉन पुरवणारं रिडक्टेज एन्झाइम, दोन्हींची जीन असलेलं प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) आधी पेशीत घालावं लागतं.

ट्रान्सफॉर्मेशन, म्हणजे प्लाझ्मिड पेशीत घालणं, नेहमीचंच: लॉग फेजमधल्या (जोमाने वाढणाऱ्या) पेशी, लिथियम अॅसिटेट, ५० टक्के पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल), उकळून लगेच बर्फात ठेवलेला कॅरियर डीएनए (प्लाझ्मिडच्या सोबतीला घातलेला साधा डीएनए), ४२ अंशांचा हीट शॉक. कॉलनी कमी आल्या तर पहिला संशय जुन्या पीईजीवर घ्या. पाणी उडालं की त्याचं प्रमाण बदलतं. प्लाझ्मिडवर यूआरए३ (युरॅसिल बनवायला लागणारं जीन) असेल तर कल्चर कायम युरॅसिल नसलेल्या माध्यमातच वाढवा. सोय म्हणून युरॅसिल असलेल्या वायपीडी माध्यमात एक रात्र ठेवलंत की बऱ्याच पेशी प्लाझ्मिड टाकून देतात, आणि दुसऱ्या दिवशी 'प्रतिकार' दिसतो.

प्रत्येक प्रयोगात चार नळ्या हव्यात: रिकामं प्लाझ्मिड आणि सीवायपीचं प्लाझ्मिड, दोन्ही फक्त डीएमएसओसह (विष ज्यात विरघळवतात तो द्रव) आणि दोन्ही विषासह. डीएमएसओ चारही नळ्यांत सारखं, १ टक्क्याच्या आत. मात्रा २५, ५० आणि १०० मायक्रोमोलर धरून सुरुवात करा. शेजारी डीएनए दुरुस्त करणारं रॅड४ किंवा रॅड५१ जीन नसलेला स्ट्रेन (यीस्टचा वाण) लावा. तोच तगून राहिला, तर दोष तुमच्या स्ट्रेनमध्ये नाही, प्रयोगात आहे.

खरी फसगत होते ती डिलीशन लायब्ररीत, म्हणजे प्रत्येकी एक जीन काढलेल्या स्ट्रेनच्या संचात. सुमारे ४,८०० स्ट्रेन, प्रत्येकात २० बेसचा बारकोड (ओळखीचा डीएनए तुकडा), सगळे एकाच फ्लास्कमध्ये. प्रत्येकाच्या ३०० पेशी धरल्या तर साधारण १५ लाख जीनोम लागतात. कल्चरमध्ये तेवढ्या पेशी सहज असतात, पण मोजणीसाठी बारकोडच्या प्रती काढणाऱ्या पीसीआरमध्ये त्याचा अर्थ किमान २० नॅनोग्रॅम डीएनए. त्याहून कमी टाकलात तर काही बारकोड निव्वळ योगायोगाने गायब होतात आणि तुम्ही त्यांना संवेदनशील म्हणून यादीत लिहिता. हळू वाढणारे स्ट्रेन तसेही मागे पडतात; म्हणून तुलना त्या स्ट्रेनच्या स्वतःच्या डीएमएसओ नमुन्याशीच करा.

उलट बाजूही तितकीच धोक्याची. सीवायपीला चालायला हीम लागतं; ते तयार होण्यात अडथळा आणणारं डिलीशन सीवायपीलाच लुळं करतं. विष सक्रियच होत नाही, आणि जीन मात्र 'प्रतिकार देणारं' म्हणून वर येतं. आशादायक दिसणाऱ्या प्रत्येक स्ट्रेनमध्ये सीवायपी मेथॉक्सिरिसोरुफिनपासून रिसोरुफिन किती बनवतं ते मोजा. त्याची चमक फ्लोरोमीटरवर दिसते. ग्लिसरॉलवर वाढत नसेल तर तो पेटीट (मायटोकॉन्ड्रिया बिघडलेला) आहे, बाजूला काढा. शेवटी तेच जीन प्लाझ्मिडवरून परत देऊन पाहा. गुणधर्म मूळपदावर आला नाही, तर दोष बहुधा त्या स्ट्रेनमध्ये लपलेल्या दुसऱ्या म्युटेशनचा.

म्युटेशनचा वेग मोजायला आर्जिनिन नसलेलं, ६० मायक्रोग्रॅम प्रति मिली कॅनाव्हनिनचं (आर्जिनिनसारखं दिसणारं विष) माध्यम पुरतं; त्यात सीएएन१ हे जीन बिघडलेल्या पेशीच वाढतात. विष धुऊन काढल्यावर पेशींना थोडं वाढू द्या, कारण सीएएन१ बिघडलं तरी आधी बनलेलं, कॅनाव्हनिन आत घेणारं परमीएज काही काळ पेशीत टिकतं. एखाद्या कल्चरमध्ये म्युटेशन लवकर घडलं तर प्लेट कॉलनींनी भरून जाते, म्हणून बरीच स्वतंत्र कल्चर लावा आणि सरासरीऐवजी मध्यक घ्या.

अफ्लाटॉक्सिनची भुकटी स्थिर विजेमुळे उडते. ती तोलत बसू नका. बंद कुपीतच डीएमएसओ सोडून विरघळवा आणि द्रावण अंधारात ठेवा. सांडलेलं आधी हायपोक्लोराइटने, मग अॅसिटोन मिसळून नष्ट करा. नुसत्या ब्लीचने त्याचा एक विषारी क्लोरीनयुक्त पदार्थ उरू शकतो.