सागवानाच्या कामात नव्याने येणाऱ्या पोरांसाठी

नांदेड भागात दारं-चौकटी बनवण्याच्या धंद्यात माझं आयुष्य गेलं. आयटीआय करून आलेल्या पोरांना रंधा, पटाशी, गुण्या सगळं धरता येतं, पण लाकूड ओळखता येत नाही. म्हणून मी त्यांना आधी वखारीत पाठवतो.

ओंडक्याचं तोंड बघा. मधला सोनेरी-तपकिरी भाग म्हणजे गाभा, कडेचा फिकट पट्टा म्हणजे पांढरं. सागवान टिकतं ते गाभ्यामुळे. त्यातलं तेल आणि इतर द्रव्यं वाळवीला, बुरशीला मानवत नाहीत. पांढऱ्यात ती नसतात, कीड तिथूनच शिरते. कोवळ्या वयात तोडलेल्या लागवडीच्या झाडात पांढरं जास्त निघतं, मग ते आफ्रिकेतल्या घाना देशातून आलेलं असो की इथलं. पॉलिशखाली पांढरं दडवून चौकट खपवणारे आहेत. कर्ज काढून घर बांधणाऱ्याशी असं वागू नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे.

गाभ्याची ताकद बघायची तर 1817 साली मुंबईच्या गोदीत सागवानातून बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ जहाज इंग्लंडमध्ये आजही तरंगतंय. त्या तेलामुळे लोखंडी खिळाही लवकर गंजत नाही. पण तेच तेल डिंकाला आडवं येतं. म्हणून सांधा रंधल्याबरोबर त्याच दिवशी चिकटवा.

माप पक्कं करा. गोल मालाला घेराचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीनं गुणतात. 36 इंच घेर, 10 फूट लांबी असेल तर 9 × 9 × 10 भागिले 144 (चौरस इंचाचे चौरस फूट करायला), म्हणजे 5.6 घनफूट. खरं घनफळ सातच्या वर जातं. सुटलेला भाग कापणीतली घट म्हणून धरतात.

सागवान इतर लाकडांपेक्षा कमी आकसतं, तरी ओलं वापरलं की आपल्याकडचा मे महिना सांधे उघडे पाडतो. चिरलेला माल थरांमध्ये पट्ट्या घालून, सावलीत, वारा लागेल असा रचा. पाण्याचं प्रमाण बारा टक्क्यांच्या आसपास आलं की काम धरा. मॉइश्चर मीटर घ्याच.

मला सगळ्यात जीव लागतो तो जुन्या माळवदाच्या, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेल्या घराच्या लाकडावर. गावोगावी माळवदं पाडून स्लॅब पडतायत आणि खांब, तुळया विकायला निघतायत. पिढ्यान्‌पिढ्या घरात वाळलेलं ते लाकूड सहसा पिळत नाही. मात्र आधी चुंबक फिरवून खिळे शोधा, आणि मातीत गेलेलं खांबाचं बूड, भिंतीत गाडलेली तुळईची टोकं पटाशीनं टोचून बघा. भुसभुशीत लागलं तर तेवढं कापून टाका. कोरीव खांब असेल तर चिरू नका, अखंड ठेवणारं गिऱ्हाईक शोधा.

सागवानात वाळूसारखी सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते. मशीनला कार्बाइडची पाती लावा, रंध्याला वरचेवर धार द्या. धूळ नाकाला, कातडीला त्रास देते. मास्क लावूनच घासा.

शेतातलं सागाचं झाड मालकाचं असलं तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि वाहतुकीला पास लागतो. किनवट-माहूरच्या जंगलाकडून कुणी रात्रीचा स्वस्त माल आणून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. वखारीचं बिल घ्या आणि फाईलला लावून ठेवा.