असेंबलर लिहिताय? आधी सिम्बॉल टेबलची एक एन्ट्री नीट ठरवा

असेंबलर, म्हणजे असेंब्ली भाषेचा मशीन कोड बनवणारा प्रोग्राम, पहिल्यांदा लिहायला घेतला की सिम्बॉल टेबल म्हणजे एका बाजूला लेबलचं (ओळीला दिलेलं) नाव, दुसऱ्या बाजूला पत्ता, एक हॅश मॅप घेतला की झालं असंच वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं आणि पहिले काही दिवस ते चाललं पण, मग एकेक गोष्ट मोडायला लागली. त्यातून जे हाती लागलं ते नवीन लोकांसाठी लिहितेय, कारण पुस्तकात पास वन, पास टू (प्रोग्राम दोनदा वाचायचा, आधी पत्ते ठरवायला आणि मग कोड बनवायला) छान समजावलेलं असतं पण एका एन्ट्रीत नक्की काय काय ठेवायचं हे दोन ओळीत उरकतात.

८०८५ या इंटेलच्या ८ बिट प्रोसेसरचा हा छोटा तुकडा घ्या:

सुरू: एमव्हीआय बी, ५
फेरा: डीसीआर बी
जेझेड शेवट
जेएमपी फेरा
शेवट: एचएलटी

एमव्हीआय २ बाइटची, डीसीआर १, दोन्ही जंप ३-३ बाइटच्या, एचएलटी १. शून्यापासून मोजलं तर सुरू ०, फेरा २ आणि शेवट ९ वर येतं. हे खरंच कागदावर मोजा, कोड लिहायच्या आधी, लोकेशन काउंटर (पुढची सूचना कुठल्या पत्त्यावर बसेल तो आकडा) कसा पुढे सरकतो ते एकदा हाताला कळलं की पुढचं अर्धं काम सोपं होतं.

आता माझी चूक. मी ठरवलं होतं की व्हॅल्यू शून्य असेल तर लेबल अजून सापडलेलं नाही. म्हणजे वरच्या प्रोग्रामात कोणी सुरू वर जंप मारली की माझा असेंबलर म्हणायचा लेबल सापडत नाही, आणि ते तर पहिल्याच ओळीवर आहे! मग मी शून्याऐवजी उणे १ घेतलं. ते टिकलं तोपर्यंत जोवर कोणी इक्यू वापरून एका नावाला उणे १ हीच किंमत दिली नव्हती. तेव्हा पक्कं समजलं की व्हॅल्यूच्या घरात कुठलाही आकडा येऊ शकतो, त्यातला एक आकडा काढून खुणेसाठी वापरता येत नाही. स्थिती वेगळ्या फील्डमध्येच ठेवायची: नाव वापरलंय पण व्याख्या अजून आली नाही, व्याख्या आली, किंवा दुसऱ्या फाइलमधून येणार आहे. आणि सोबत दोन ओळ नंबर पण ठेवा, पहिल्यांदा कुठे वापरलं आणि कुठे डिफाइन झालं. एकच लेबल दोनदा आलं तर एरर मेसेजमध्ये आधीची ओळ दाखवता येते आणि वापरणाऱ्याचा खूप वेळ वाचतो.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पण हीच. ९ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही, ९ कशापासून? कोड सेक्शनच्या (प्रोग्राममधल्या सूचनांच्या भागाच्या) सुरुवातीपासून ९ वेगळं, डेटा सेक्शनपासून ९ वेगळं, आणि इक्यू ने दिलेलं ९ म्हणजे नुसता आकडा, लिंकरने (वेगवेगळ्या फाइली जोडणाऱ्या प्रोग्रामने) प्रोग्राम कुठेही नेऊन ठेवला तरी तो बदलणार नाही. म्हणून व्हॅल्यू ही जोडी धरा, सेक्शन आणि त्यातलं अंतर. असं केलं की एक्स्प्रेशनचे नियम आपोआप निघतात: लेबल अधिक आकडा केलं तर त्याच सेक्शनमधलं लेबल मिळतं, एकाच सेक्शनमधल्या दोन लेबलांची वजाबाकी केली तर शुद्ध आकडा मिळतो (शेवट वजा फेरा म्हणजे ७, प्रोग्राम कुठेही लोड होवो), आणि दोन लेबलांची बेरीज मात्र अर्थहीन, तिथे एररच द्यायचा. मी आधी नुसते आकडे बेरजेला लावत होते आणि एका फाइलपुरतं उत्तर बरोबरच यायचं, दोन फाइली लिंक केल्यावर सगळं भलतीकडे उड्या मारायला लागलं.

हे खऱ्या फॉरमॅटमध्ये कसं केलंय ते बघायचं तर ईएलएफ (लिनक्सवरच्या ऑब्जेक्ट फाइलींचा फॉरमॅट) उघडा. ६४ बिट ईएलएफमध्ये सिम्बॉलची एक एन्ट्री बरोबर २४ बाइटची असते: नावासाठी ४, प्रकार आणि लोकल-ग्लोबल मिळून १, व्हिजिबिलिटीचा १, सेक्शन नंबर २, व्हॅल्यू ८ आणि साइझ ८. सेक्शन नंबर ० म्हणजे अनडिफाइन्ड, ६५५२१ म्हणजे अॅब्सोल्यूट, नुसता आकडा. म्हणजे डिफाइन झालंय की नाही हे व्हॅल्यूवरून ठरतच नाही, सेक्शनवरून ठरतं. हे वाचलं तेव्हा माझा शून्याचा घोळ मला नव्याने समजला. रीडएल्फ हे टूल स्मॉल एस ऑप्शन (-s) लावून कुठल्याही ऑब्जेक्ट फाइलवर चालवा, सगळ्या एन्ट्री समोर दिसतात.

नावासाठी फक्त ४ बाइट कसे पुरतात, तर तिथे नाव नसतंच, सगळी नावं एका वेगळ्या स्ट्रिंग टेबलमध्ये सलग आणि एन्ट्रीत फक्त तिथला ऑफसेट. आपल्या प्रोग्रामातही हेच करा. आणि सिम्बॉल वाढत्या अॅरेमध्ये ठेवत असाल तर बाकी कोडने त्याचा पॉइंटर धरू नये, इंडेक्स धरावा. अॅरे मोठा होताना मेमरीत दुसरीकडे हलतो आणि जुने पॉइंटर तसेच राहतात, हा बग छोट्या टेस्टमध्ये कधीच दिसत नाही, लेबलं वाढली की अचानक दिसतो. हॅश फंक्शन कुठलं घ्यायचं यावर मात्र डोकं घालवू नका, साधं कुठलंही चालतं.

एकाच पासमध्ये करायचं असेल तर एक जुनी युक्ती मला फार आवडते. जेझेड शेवट वाचताना शेवट माहीत नाही, म्हणून पत्ता ४ आणि ५ वरचे दोन बाइट रिकामे राहतात. एन्ट्रीच्या व्हॅल्यूमध्ये तोवर ४ लिहून ठेवायचं, पुढे आणखी कोणी शेवट वापरलं की नव्या रिकाम्या जागेत ४ लिहायचं आणि व्हॅल्यूमध्ये नव्या जागेचा पत्ता, म्हणजे रिकाम्या जागांचीच साखळी तयार होते, वेगळी यादी लागत नाही. लेबल सापडलं की साखळी धरून मागे जायचं आणि प्रत्येक जागी ९ भरायचं, लो बाइट आधी. साखळी कुठे संपते त्याची खूण म्हणून शून्य घेऊ नका: प्रोग्रामच्या अगदी पहिल्या ओळीवर डीडब्ल्यू शेवट (म्हणजे 'शेवट' या लेबलचा पत्ता इथे दोन बाइटमध्ये ठेव) लिहिलं तर रिकामी जागा पत्ता ० वरच येते. तुमचं टेबल तयार झालं की सगळ्यात आधी हीच ओळ त्याला खायला घाला.